भाटघरच्या काठाने: नव्या सायकलस्वारांसाठी

महाराष्ट्रात चाळिशी ओलांडलेल्या बहुतेकांना सायकल येते. दांड्याखालून पाय घालून, गुडघे फोडून घेऊन, तासाच्या भाड्याने आणलेल्या मोठ्या माणसांच्या सायकलवर ती शिकलेली असते. एके काळी पुण्यासारख्या शहरात सायकलला नगरपालिकेचा बिल्ला लागे. रात्री बत्ती नसली किंवा डबलसीट दिसलं की पोलीस अडवत. मग नोकरी लागली, स्कूटर आली आणि सायकल जिन्याखाली गेली. आज डॉक्टरांनी बजावलं म्हणून, मुलीने घेतली म्हणून किंवा नुसतंच मनात आलं म्हणून तीच माणसं पुन्हा सायकलकडे वळतात. गिअरची, हलकी, देखणी सायकल घरात येते. पहिले दोन रविवार उत्साहात जातात. तिसऱ्या रविवारच्या आदल्या रात्री ग्रुपवर कुणीतरी लिहितं, ‘उद्या सिंहगड.’ अर्ध्या घाटात मांड्या भरून येतात, श्वास लागतो, बरोबरचे पुढे निघून जातात. त्यानंतर ती सायकल बाल्कनीत उभी राहते, ती राहतेच.

त्या तिसऱ्या रविवारी वेगळा रस्ता धरावा, एवढ्यासाठी ही पुस्तिका लिहिली आहे. माझं सांगणं थोडक्यात असं, की हौसेने सायकल चालवणाऱ्याने पहिलं वर्ष एकाच रस्त्याला द्यावं. तो रस्ता वर्दळीचा नसावा, मोठ्या घाटाचा नसावा, आणि पुन्हा पुन्हा जावंसं वाटेल इतका सुंदर असावा. पुणे जिल्ह्यात या तिन्ही अटी पुऱ्या करणाऱ्या जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या आहेत. भाटघर धरणाचा परिसर त्यांतली माझ्या मते सगळ्यांत चांगली जागा. म्हणून पुस्तिका सायकलची असली तरी तिच्यात भाटघर पानोपानी येतं.

पुण्याहून साताऱ्याकडे निघालं की कात्रज, खेड शिवापूर, नसरापूरचा फाटा असं करत कापूरहोळ लागतं. तिथे महामार्ग सोडून उजवीकडे वळलं की भोरचा रस्ता. भोर गावाच्या अलीकडे वेळवंडी नदीवर हे धरण उभं आहे. इथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला एक धरण होतं. त्याच्या तलावाला ‘लेक व्हायटिंग’ म्हणत. पुढे १९२०च्या दशकात आजचं मोठं दगडी धरण उभं राहिलं आणि त्याला मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांचं नाव मिळालं. सिंध प्रांतात सक्कर येथे सिंधू नदीवर बांधलेल्या बंधाऱ्यालाही याच लॉइडसाहेबांचं नाव होतं. भाटघरचं पाणी नीरेत उतरतं आणि कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसपर्यंत जातं. तिकडचा ऊस या खोऱ्यातल्या पावसावर उभा आहे आणि त्यापायी इथल्या गावांची नदीकाठची जमीन पाण्याखाली गेली. काठाने सायकल चालवताना हे माहीत असावं. आपण ज्याला ‘बॅकवॉटर’ म्हणतो, ते कुणाचं तरी शेत होतं.

जलाशयाला आज येसाजी कंकांचं नाव आहे. शिवछत्रपतींचे हे सरदार याच खोऱ्यातल्या भुतोंड्याचे. संगमनेर, हर्णस, वेळवंड, जोगवडी, कुरुंजी, भुतोंडे ही या पाण्याच्या काठची आणि वरच्या खोऱ्यातली गावं. उत्तरेच्या डोंगररांगेपलीकडे पूर्वीचा वेल्हे तालुका. आता त्याचं नाव राजगड झालं आहे. राजगडावर उभं राहून दक्षिणेला पाहिलं तर हेच पाणी डोंगरांच्या सोंडांमध्ये शिरलेलं दिसतं.

आता हा रस्ता नवख्यासाठी चांगला का, ते सांगतो. कारण निसर्गातच आहे. धरणाच्या पाण्याची पातळी सगळीकडे सारखी असते, आणि पाण्याच्या काठाने जाणारा रस्ता साधारण त्या पातळीला धरून चालतो. पण डोंगराची एकेक सोंड पाण्यात उतरलेली असते आणि दोन सोंडांच्या मधून ओढा येतो. त्यामुळे रस्ता सोंडेवर थोडा चढतो, ओढ्याच्या मोरीवर थोडा उतरतो, पुन्हा चढतो. चढ दमवतो न दमवतो तोच संपतो. उताराला वेग येतो न येतो तोच पुढचा चढ समोर दिसतो. गिअर कसे बदलायचे, ब्रेक कधी दाबायचा, दम कुठे राखायचा, हे सगळं शिकायला असा रस्ता लागतो. सपाट रस्त्यावर गिअरची गरजच कळत नाही. घाटात गरज कळते, पण शिकायला उसंत मिळत नाही.

गिअरबद्दल नव्या माणसाच्या मनात एक अढी असते, की हलका गिअर टाकणं म्हणजे कमीपणा. ही अढी जुनी आहे. ‘टूर द फ्रान्स’ १९०३मध्ये सुरू झाली, पण चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारे आजच्यासारखे डिरेलर गिअर वापरायला तिथे १९३७पर्यंत परवानगी नव्हती. गिअर हे अशक्तांचं काम, असं आयोजकांनाच वाटे. त्याच फ्रान्समध्ये पॉल द विवी नावाचा माणूस, ज्याला ‘वेलोसिओ’ या टोपणनावाने ओळखत, अनेक वर्षं गिअरचा पुरस्कार करत होता. साध्या माणसाने डोंगरात सायकल चालवावी, दूर जावं आणि आनंदाने परत यावं, हा त्याचा ध्यास. भूक लागायच्या आधी खा, तहान लागायच्या आधी प्या, आणि केवळ मोठेपणासाठी पायडल मारू नका, ही त्याची शिकवण. शंभर वर्षांनंतरही नव्या सायकलस्वाराला याहून चांगला सल्ला देता येत नाही. या पुस्तिकेतली निम्मी प्रकरणं म्हणजे त्या सल्ल्याचा भोर तालुक्यापुरता विस्तार आहे.

गिअरचा नियम एकच लक्षात ठेवा: चढ लागायच्या आधी गिअर हलका करायचा. पायांवर पूर्ण जोर आला असताना बदललात तर चेन कडकड वाजते, अडकते, प्रसंगी पडते. पाय फिरते राहिले पाहिजेत, पण मोकळे. मिनिटाला सत्तर-ऐंशी फेरे हा नवख्यासाठी चांगला वेग. पंधरा सेकंद मोजा. उजवा पाय अठरा-वीस वेळा खाली आला तर ठीक. दहा-बारा वेळाच आला तर गिअर जड आहे आणि त्याची किंमत गुडघे देतील. दुसरी खूण बोलण्याची. शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर वेग बरोबर. एकेक शब्द तुटत असेल तर कमी करा. घड्याळ, हृदयाचे ठोके मोजणारा पट्टा, मोबाइलवरचे आलेख हे सगळं नंतर. पहिल्या वर्षात ते नकोच, असं माझं ठाम मत आहे. आकडे पाहिले की माणूस आकड्यांशी स्पर्धा करतो आणि रस्त्याकडे पाहायचं राहून जातं.

सायकल कोणती घ्यावी, हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त विचारला जातो. त्याला खरं म्हणजे फार वेळ देऊ नये. हायब्रीड म्हणतात ती घ्या: हँडल सरळ, टायर पस्तीस ते चाळीस मिलिमीटर रुंद, पुढे शॉकअप नको. स्वस्त शॉकअप वजन वाढवतात आणि चढावर पायांचा जोर खातात. अगदी बारीक टायरची रोड सायकल भोरकडच्या उखडलेल्या कडांवर आणि खडीवर नव्या माणसाला घाबरवते. जुनी चांगल्या स्थितीतली मिळाली तर जुनी घ्या. एक गोष्ट मात्र दुकानात जरूर पाहा, ती म्हणजे ट्यूबचा वॉल्व्ह. मोटारसायकलला असतो तसा जाड वॉल्व्ह असेल तर खोऱ्यातल्या कुठल्याही पंक्चरवाल्याकडे हवा भरता येते. बारीक वॉल्व्ह असेल तर अडाप्टर खिशात हवा, नाहीतर पंप समोर असून हवा भरता येत नाही.

सायकल घेण्याइतकंच, किंबहुना जास्त, महत्त्व ती अंगाला बसवण्याला आहे. भिंतीला हात टेकून सीटवर बसा. टाच पायडलवर ठेवा आणि पायडल अगदी खाली आणा. पाय सरळ व्हायला हवा, पण कंबर एका बाजूला कलता कामा नये. मग पायाचा पंजा, म्हणजे बोटांच्या मागचा रुंद भाग, पायडलवर आणा; आता गुडघ्यात थोडा बाक राहील. हीच सीटची उंची. थांबल्यावर दोन्ही पाय सपाट जमिनीला टेकावेत म्हणून बहुतेक नवखे सीट खाली ठेवतात आणि महिन्याभरात गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखू लागतं. सीट फार वर असेल तर गुडघ्याच्या मागे दुखतं आणि बैठक सोलवटते. थांबताना सीटवरून पुढे उतरून पाय टेकायची सवय लावली की उंच सीटची भीती जाते. ही सवय भोरच्या एखाद्या मोकळ्या मैदानावर अर्ध्या तासात लागते. तळहात बधिर होत असतील तर कोपरं ताठ आहेत. ती सैल सोडा. पॅडची चड्डी घेतलीत तर तिच्या आत दुसरं काही घालू नका, शिवण घासते. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटं, हनुवटीखालचा पट्टा आवळलेला. मागे सरकवलेलं हेल्मेट कपाळ वाचवत नाही.

बैठक पहिले काही दिवस दुखते. ती सगळ्यांचीच दुखते. मऊ, जाड गादीचं सीट घेतल्याने ते दुखणं वाढतं, कारण हाडांना टेकायला घट्ट आधार मिळत नाही. दोन-तीन आठवडे, एक दिवसाआड थोडं थोडं चालवलं की शरीर सरावतं. रक्तदाब, हृदयविकार, मधुमेह यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर किंवा गूळ ठेवल्याशिवाय निघूच नये.

पुण्याहून भोरपर्यंत सायकल चालवत या, असं मी नव्या माणसाला कधीही सांगणार नाही. साधारण पन्नास किलोमीटरचं ते अंतर पायांना पुढे जमेलही. पण त्या महामार्गावर ट्रक, कंटेनर, लेन बदलणाऱ्या गाड्या आणि उलट दिशेने येणारे दुचाकीस्वार यांच्यात वावरायला जी सवय लागते, ती पहिल्या वर्षात नसते. कात्रजच्या बोगद्याचा तर विषयच काढू नये. सायकल गाडीत घालून भोरला आणा आणि तिथून टांग मारा. भोर, नसरापूर, वेल्हे, सासवडकडे राहणाऱ्यांना हे सुख घरबसल्या आहे, आणि ही पुस्तिका जितकी पुण्याच्या माणसासाठी तितकीच भोरच्या शिक्षिकेसाठी, बँकेतल्या कारकुनासाठी, निवृत्त एसटी चालकासाठी लिहिली आहे. सायकलचा शौक शहरवाल्यांचाच, हा समज मोडायला हवा.

पहिल्या महिन्यात पाच-सहा किलोमीटर जाऊन परत या, म्हणजे सगळे मिळून दहा-बारा. हे कमी वाटेल आणि कमी वाटलंच पाहिजे. घरी परतल्यावर अजून जाता आलं असतं असं वाटणं, ही पुढच्या वेळची तयारी असते. पुढे वीस किलोमीटर, मग तीस. भुतोंड्याचं खोरं गाठायची घाई नको. जेवढं आत जाल तेवढंच परत यायचं आहे, ही साधी गोष्ट उत्साहात विसरली जाते.

वाऱ्याचाही विचार करा. वेळवंडीचं खोरं साधारण पश्चिमेकडून पूर्वेकडे उतरतं आणि वारा त्यातून वाहतो. पावसाळ्यात तो पश्चिमेचा असतो: जाताना छातीवर, येताना पाठीवर. नवख्यासाठी हे चांगलं, कारण ताजे पाय वाऱ्याशी झगडतात आणि दमलेल्या पायांना मदत मिळते. हिवाळ्यात बऱ्याचदा उलटं होतं. जाताना भराभर अंतर कापलं जातं, आपण फार तयार झालो असं वाटतं, आणि परतताना खरं कळतं. त्या दिवसांत ठरवलेल्या अंतराच्या अलीकडूनच वळावं.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सुरुवातीचा काळ. भात कापून झालेलं असतं, खाचरांत पेंढ्यांच्या उडव्या रचलेल्या दिसतात आणि पाणी काठोकाठ नसलं तरी भरपूर असतं. सकाळी धुकं दाटतं, तेव्हा मागचा लाल दिवा दिवसाही लावा. जुलै-ऑगस्टमध्ये हा परिसर पाहणाऱ्याला वेड लावतो, पण तो नवख्यासाठी नाही. लावणीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर खाचरातला चिखल डांबरावर येतो, मोऱ्यांवर शेवाळ धरतं आणि वळणावर पुढचं चाक कधी सटकलं ते कळत नाही. वरंध घाटाकडे तर पावसाळ्यात वळूच नका. दरडींमुळे तो रस्ता प्रशासनाला वारंवार बंद करावा लागतो. एप्रिल-मे उन्हाचा. त्या दिवसांत पहाटे निघून नऊच्या आत परतणाऱ्याला एक वेगळं भाटघर दिसतं: पाणी खाली गेलेलं, गाळाच्या पट्ट्या उघड्या पडलेल्या. एरवी वर्षातला बराच काळ पाण्यात असलेलं कांबरे गावचं कांबरेश्वराचं मंदिर याच सुमारास बाहेर येतं.

आणि इथेच सगळ्यांत महत्त्वाची सूचना. कितीही घाम आला असला, पाणी कितीही शांत दिसलं, तरी जलाशयात उतरू नका. काठचा गाळ पायाखालून सरकतो, एका पावलात कमरेएवढं पाणी डोक्यावर जातं आणि वरून काहीच अंदाज येत नाही. भाटघरच्या पाण्याने पोहायला आलेल्यांचे आणि काठच्या माणसांचेही जीव घेतले आहेत. तोंडावर पाणी मारायचं ते बाटलीतलं.

खाण्यापिण्याचं फार अवडंबर माजवलं गेलं आहे. तासाभराच्या फेरीला पाण्याची बाटली पुरते. त्याहून जास्त वेळ असेल तर तासाला साधारण अर्धा लिटर पाणी, उन्हात जास्त, सोबत मीठ-साखर-लिंबू. खिशात गूळ-शेंगदाणे किंवा दोन केळी. महागड्या जेलच्या पुड्या तीस किलोमीटरला लागत नाहीत, आणि त्यांची वेष्टनं मात्र रस्त्याकडेला पडतात. भोरच्या टपरीवरची भजी फेरी संपल्यावर खावीत. आधी खाल्लीत तर पहिल्याच चढाला ती आठवण करून देतील.

पंक्चर काढता येणं ही स्वातंत्र्याची पहिली पायरी. इथल्या काठावर बाभळी आहेत आणि बाभळीचा काटा टायरमध्ये शिरला की बाहेरून दिसत नाही, कारण त्याचं टोक तुटून आतच राहतं. मागचं चाक असेल तर आधी चेन सर्वांत लहान चक्रावर आणा, मग चाक मोकळं करा. उरलेली हवा काढून टायरची कड दोन्ही अंगठ्यांनी रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबत न्या. कड सैल पडते. प्लॅस्टिकचे लिव्हर घालून एका बाजूने टायर सोडवा, ट्यूब ओढून काढा. आता घाई करू नका. टायरच्या आतून अंगठा सावकाश फिरवा, पूर्ण गोल. कुठेतरी टोचेल. तो काटा बाहेरून ढकला, नखाने किंवा चिमट्याने काढा, आणि पुन्हा एकदा अंगठा फिरवून खात्री करा. नवी ट्यूब घातली पण काटा तसाच राहिला, की दहा मिनिटांत दुसरं पंक्चर. नव्या ट्यूबमध्ये दोन-चार पंप हवा भरून तिला गोल आकार द्या, वॉल्व्ह सरळ बसवा, टायरची कड हातानेच आत दाबा. शेवटी लिव्हर वापरलात तर ट्यूब चिमटते. हे सगळं घरी, उजेडात, दोनदा करून पाहा. चाक डुगडुगत असेल तर मात्र ते तारांचं काम आहे, आणि चाकाचा आऊट काढणं हे वर्षानुवर्षं हात बसलेल्या मिस्त्रीचंच. अशा मिस्त्रीला धरून राहा.

उताराबद्दल दोनच गोष्टी. वळणाच्या आधी वेग कमी करायचा, वळणात नाही. आणि दोन्ही ब्रेक मिळून वापरायचे. वळणाच्या आतल्या बाजूला बारीक खडी साचलेली असते. गावांच्या तोंडाशी गतिरोधक असतात, त्यांच्यावरचे पट्टे पुसलेले असतात. संध्याकाळी गुरं घरी निघालेली असतात; त्यांना घंटी वाजवू नका, थांबा, जाऊ द्या. कुत्रं मागे लागलं तर पळवू नका. उतरून सायकल आपल्या आणि त्याच्या मध्ये धरा, बहुतेक वेळा ते तिथेच थांबतं.

कुणी म्हणेल, एवढं सगळं करून तीस किलोमीटरच? हेच भाटघरचं धरण उभं राहत होतं त्याच दशकात, १९२३मध्ये, मुंबईतले काही पारशी तरुण सायकलवर जगप्रदक्षिणेला निघाले. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे ती पूर्ण करून १९२८मध्ये परतले. वाळवंटं, जंगलं, बर्फ ओलांडत त्यांनी सत्तर हजार किलोमीटरच्या वर अंतर कापलं. २०१५मध्ये नाशिकच्या हितेंद्र आणि महेंद्र महाजन या डॉक्टर बंधूंनी अमेरिका आडवी पार करणारी ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ जोडीने पूर्ण केली. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८मध्ये विशीतच सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा केली. जानेवारी २०२६मध्ये ‘पुणे ग्रँड टूर’ ही आंतरराष्ट्रीय शर्यत पुणे जिल्ह्याच्या अनेक तालुक्यांतून झाली आणि कडेला उभ्या राहिलेल्या शाळकरी मुलांनी पहिल्यांदाच अशा वेगाने जाणाऱ्या सायकली पाहिल्या. या सगळ्यांचा मला मनापासून अभिमान आहे. पण हौसेच्या सायकलचं माप त्यांच्या पराक्रमावरून घेऊ नये. तुम्हाला पुढे दोनशे किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळात पुरी करायची लांब फेरी, करावीशी वाटली तर जरूर करा. साडेतेरा तास मिळतात. मांढरदेवीचा घाट, पाबे घाट, वरंध, सगळे तिथेच आहेत, वाट पाहतील. वर्षभर काठाच्या रस्त्यावर पाय मोकळे फिरवलेला माणूस हे घाट चढेल तेव्हा त्यांचा आनंदही घेईल.

बायकांसाठी मी वेगळं प्रकरण लिहिलेलं नाही, कारण रस्ता, गिअर आणि पंक्चर सगळ्यांना सारखंच. पण एक अडचण खरी आहे, तिचा उल्लेख केलाच पाहिजे. एकट्या बाईला आडरस्त्यावर निघताना जो विचार करावा लागतो, तो पुरुषाला करावा लागत नाही. दोघी-तिघी मिळून निघा, ठरलेल्या वेळी घरी फोन करा, आणि पहिल्या काही फेऱ्यांत वाटेवरच्या गावांमध्ये थांबून चार माणसांशी बोला. आठवड्याला दिसणारा चेहरा गावाच्या ओळखीचा होतो आणि ओळखीच्या माणसावर गाव लक्ष ठेवतं. एकच रस्ता वर्षभर धरावा म्हणतो, त्याचं हेही एक कारण आहे.

या खोऱ्यात आपल्याआधीपासून सायकल चालवणारी माणसं आहेत. दप्तर पाठीला लावून लांबच्या शाळेला जाणाऱ्या मुली आहेत, कॅरिअरवर दुधाची किटली बांधून निघणारे आजोबा आहेत. त्यांच्या सायकलला गिअर नाहीत आणि ब्रेकचे रबर बहुधा झिजलेले असतात. तुमच्याजवळ पंप आहे, पान्हे आहेत, तेलाची छोटी बाटली आहे. एखादी पोर उतरलेल्या चेनपाशी हात काळे करत बसलेली दिसली तर तुमची फेरी तिथे थांबवा, चेन बसवून द्या, हवा तपासा, ब्रेक आवळा, आणि चेन कशी बसवायची तेही तिला दाखवा.